उलामिलाचा अर्धा तास

कोणत्याही यंत्राला दाब मोजणारे गेज जोडण्यापूर्वी उलामिला नाईकासो त्या गेजला हवा दाखवीत असे. दोन्ही नळ्यांची तोंडे मोकळी धरायची, पडद्यावरचे आकडे शून्यावर येऊन स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचे काम. घाई करणाऱ्याला ती म्हणे, "ज्याला शून्य ठाऊक नाही, त्याच्याकडून पुढचं काय ऐकायचं?"

वानुआ लेवू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या लहान इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीपासून शवागारापर्यंत जे जे थंड राहायला हवे, ते उलामिलामुळे थंड राहत असे. एकोणिसाव्या वर्षी ती इथे चादरी धुवायला आली. धुलाईघरातल्या बॉयलरवर एक तबकडी होती. पोलादाच्या आत काय चालले आहे हे कोणालाही दिसत नसताना त्या तबकडीतला काटा ते बाहेर सांगत होता. ओल्या चादरी हातात घेऊन ती काट्यासमोर उभी राही आणि बोलणी खाई. एकतिसाव्या वर्षी दोन मुले बहिणीकडे ठेवून ती राजधानीला, सुवाला, वातानुकूलनाचे काम शिकायला गेली. वर्गातली ती एकटीच स्त्री.

डिजिटल गेज तिच्या हाती आले ते बरेच पुढे. दोन दाब, नळीला चिमटा लावून घेतलेली दोन तापमाने, आणि त्यांवरून आतला वायू या क्षणी किती अंशांना उकळतो आहे त्याचा हिशेब, हे सगळे तळहाताएवढ्या पडद्यावर. वापर अंगवळणी पडला, तरी तिचे नवल ओसरले नाही. शुद्ध वायू द्रवासह बंदिस्त असला, की त्याचा दाब आणि त्याचे तापमान एकमेकांना बांधलेले असतात, आणि ती गाठ आमच्या बेटावर जशी, तशीच जगाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे मागणाऱ्याला नाही म्हणणे अशोभनीय ठरते आणि वडीलधाऱ्याला चारचौघांत खोडून काढणे त्याहून वाईट. अशा समाजात वाढलेल्या या स्त्रीला, कोणाच्याही विनवणीने न हलणारी एक गोष्ट नळीच्या आत सापडली होती. देवळातल्या गायकवृंदात ती खालच्या पट्टीत गाई. गेजकडे पाहतानाचा तिचा चेहरा आणि स्तोत्र सुरू होण्याआधीचा तिचा चेहरा यांत मला कधी फरक दिसला नाही.

तिची एक वही होती. यंत्र उघडून दुरुस्त केले, की पुन्हा गॅस भरण्याआधी त्यातली सगळी हवा पंपाने ओढून काढावी लागते. आत किती हवा उरली हे गेज मायक्रॉनमध्ये सांगते; आकडा जितका लहान, तितकी हवा कमी. उलामिला दोन आकडे लिही: एक पंप थांबवताना, दुसरा त्यानंतर अर्ध्या तासाने. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ राहिला, तरच यंत्र खरोखर रिकामे.

रुग्णवाहिकेचा चालक आपेनिसा हा तिचा तावू. ती जन्मली त्या लहान बेटाचा मूळ देव आणि त्याच्या डोंगरातल्या गावाचा मूळ देव भावंडे मानली जातात. म्हणून या दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना वाटेल तशी नावे ठेवावीत, एकमेकांची वस्तू उचलून न्यावी, आणि समोरच्याने रागावू नये. ती त्याला दालोचोर, म्हणजे अळूचे कंद चोरणारा, म्हणे. तो तिला मासेखाऊ म्हणे.

ऑगस्टातल्या एका सोमवारी आपेनिसाची आई वारली. सारे तिला बू सेनिमिली म्हणत, आजी या अर्थाने. तिची मुलगी लितिया इंग्लंडच्या सैन्यात स्वयंपाकी होती. अकरा वर्षांत ती घरी आली नव्हती, आणि आता गुरुवारी पोहोचणार होती. आमच्याकडे मृताचा निरोप नाकाने घेतात. गालावर नाक टेकवून एक दीर्घ श्वास आत ओढायचा. लितियाला तो श्वास मिळावा म्हणून बू सेनिमिलीला गुरुवारपर्यंत शवागारात ठेवले होते.

मंगळवारी सकाळी शवागाराचे तापमान चारावरून नऊ अंशांवर गेले होते आणि चढत होते.

"बहिनी, गॅस कमी झाला असणार," शवागार सांभाळणारा पेरुमल म्हणाला. "सिलिंडर आणून ठेवलाय. थोडा भर, म्हणजे सुटलो."

उलामिलाने गेजला हवा दाखवली, जोडले, पाहिले. बाहेरच्या बाजूचा दाब असायला हवा त्यापेक्षा पुष्कळ जास्त होता.

"यंत्र बंद करावं लागेल," ती म्हणाली.

दाराशी बसलेला आपेनिसा ताडकन उठला. "बंद? अगं मासेखाऊ, माझी आई आत आहे!"

"ठाऊक आहे रे."

"तुमच्या बेटावर मासे उन्हात वाळवतात, तशी वाळवणार आहेस का तिला? चालू यंत्र बंद करायला कुणी शिकवलं तुला?"

"चालू आहे म्हणूनच कळत नाहीये. धावणाऱ्या माणसाची नाडी बघून ताप कळतो का, दालोचोरा? अर्धा तास दे."

"गुरुवारी लिती काय हुंगणार? तुझा अर्धा तास?"

कोणी हसले नाही. तिने सगळा द्रव बाहेरच्या टाकीत गोळा केला, झडप मिटवली, कॉम्प्रेसर बंद केला आणि फक्त बाहेरचा पंखा फिरता ठेवला. टाकी बाहेरच्या हवेइतकी, तीस अंशांची झाली, की आतल्या शुद्ध वायूचा दाब किती असला पाहिजे हे ठरलेले असते. सहा पूर्णांक सात बार. ती बादली पालथी घालून बसली. शवागाराच्या दारामागची शांतता सर्वांना ऐकू येत होती.

अर्ध्या तासाने पडद्यावर आठ होते, आणि ते आठच राहिले.

"म्हणजे?" पेरुमलने विचारले.

"आत गॅसखेरीज दुसरं काहीतरी आहे. हवा. वरून आणखी गॅस भरला असता, तर संध्याकाळी कॉम्प्रेसरच बसला असता."

"हवा गेली कशी आत?"

तिने वही काढली. जूनमधल्या एका शनिवारचे पान उघडले. त्या दिवशी तिने याच यंत्राचा गाळणीचा भाग बदलला होता. पहिल्या रकान्यात चारशे लिहिले होते. दुसरा रकाना कोरा होता. ती गुपचूप काम करती, तर कोणालाही काही कळले नसते. त्या यंत्रातले कळणारे इस्पितळात दुसरे कोणी नव्हते.

"माझ्या हातून," ती म्हणाली. "गेज मी पंपाजवळ लावलं होतं आणि मधली झडप नीट उघडलीच नव्हती. नळी रिकामी झाली, यंत्र नाही. गेजने नळीचं खरं सांगितलं. मी ते यंत्राचं समजले. थांबले असते तर दुसऱ्या आकड्याने मला पकडलं असतं."

आपेनिसा पानाकडे बघत राहिला. "तो शनिवार..." तो हळूच म्हणाला. "आईने मासे रांधले होते, नारळाच्या दुधातले. तुला घेऊन ये म्हणाली. मीच तुला गाडीत कोंबलं होतं."

"तू ओढलंस. पाय माझेच होते ना?"

पुढे दुपारपर्यंत काम चालले. मासळीच्या शेडमधून बर्फ आला. तो रचताना आपेनिसा पुटपुटला, "डोंगरातल्या बाईला शेवटी मासेखाऊंचाच बर्फ!" उलामिलाने जुना वायू काढून घेतला आणि पंप लावला. या वेळी गेज पंपापासून सर्वांत दूरच्या टोकाला जोडले. आकडा चारशेवर आल्यावर तिने झडप मिटवून पंप थांबवला.

"आता?" आपेनिसाने विचारले.

"आता काही करायचं नाही."

तिघेही पडद्यासमोर उकिडवे बसले. चारशे दहा. चारशे तीस. माणसाने केलेल्या त्या लहानशा पोकळीवर आमच्या बेटावरचे सारे आकाश बाहेरून रेलले होते आणि तांब्याची पातळ भिंत ते अडवीत होती. पेरुमलचे ओठ हलत होते. चारशे चाळीसवर आकडा थांबला आणि हलला नाही. उलामिलाने दुसऱ्या रकान्यात तो लिहिला. मग तिने नवा गॅस वजनाने मोजून भरला. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा शवागार सात अंशांवर उतरले होते.

बुधवारी सकाळी ती, ज्यांचे मानाचे पेय करतात ती यांगोनाची मुळे घेऊन दुखवट्याच्या मांडवात आली आणि मान खाली घालून बसली. अपराधाची क्षमा आमच्याकडे अशीच मागतात. पण वडीलधाऱ्यांनी मुळे स्वीकारण्याआधीच आपेनिसा पुढे आला.

"तावूत कसली क्षमा? तावूत उचलून न्यायचं असतं." त्याने तिच्या खांद्यावरची गेजची पिवळी पेटी काढून घेतली. "हे गेज आता माझं. आणि माझं गेज लितीची गाडी येईपर्यंत त्या यंत्रावरून निघणार नाही. चल, लावून दे."

तिला नाही म्हणता येत नव्हते. तिने लावून दिले. त्यानंतर दीड दिवस आपेनिसा शवागाराबाहेर बसून आकडे वाचीत होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाब सांगे आणि मग आईविषयी बोले.

गुरुवारी दुपारी लितिया आली. गणवेशातच होती. दार उघडले, आत चार अंश होते. ती आईवर वाकली, गालावर नाक टेकवले आणि श्वास ओढला. एवढा दीर्घ, की बाहेर उभ्या असलेल्यांचेही श्वास त्यात थांबले. ती सरळ झाली, तेव्हा तिचा चेहरा ओला होता. "नारळाचं तेल," ती म्हणाली. "तेच."

उलामिला भिंतीशी उभी होती. थोड्या वेळाने ती आपेनिसाजवळ गेली.

"केरेकेरे," ती म्हणाली. या शब्दाने मागितलेले नाकारता येत नाही. "प्रसूतिगृहाचं यंत्र तपासायचंय. गेज दे."

तीन दिवसांत आपेनिसा पहिल्यांदा हसला. "बघा! मासेखाऊ भीक मागतेय!"

तिने नळ्या सोडवून दिल्या. पण गेज त्याने लगेच तिच्या हातात ठेवले नाही. दोन्ही नळ्यांची तोंडे त्याने हवेत मोकळी धरली, आणि तिचा हात पुढे आलेला असताना आकडे शून्यावर येईपर्यंत तो थांबून राहिला.