वाळवंटातला बर्फ आणि तीन टनांची गाडी

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, संयुक्त अरब अमिराती या देशात, जिथे उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही चटका देणारं पाणी येतं, तिथे बर्फात गाडी अडकवून दाखवणारा पहिला मराठी माणूस मी आहे. कुणाची हरकत असल्यास पुराव्यासह पुढे यावं. माझ्याकडे चार साक्षीदार आहेत आणि मासळीचा वास अजून न गेलेली एक ताडपत्री आहे.

आता खरी गोष्ट. माझे वडील, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, दोन महिन्यांसाठी अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटवर आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं आणि त्यांनी माझ्या बायकोला, मला नव्हे, सांगून टाकलं होतं की आता पुन्हा येणं काही व्हायचं नाही. तब्येत ठणठणीत, तक्रार कसलीच नाही. इथे आपलं काही काम नाही, एवढंच म्हणाले. रविवारच्या आत त्यांनी आपणहून म्हणावं की परत येईन, एवढीच माझी इच्छा होती. आग्रह करून उपयोग नव्हता. आग्रहाला ते "बघू" म्हणतात, आणि त्यांच्या "बघू"चा अर्थ मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे.

अण्णांनी चौतीस वर्षं लाल बस चालवली, त्यातली निम्मी घाटात. इथे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे माझ्या शेजारी बसले की ते उजवीकडे यायचे, म्हणजे जन्मभराच्या त्यांच्या जागेवर, पण पुढ्यात स्टिअरिंगच्या ऐवजी कागदपत्रांचा खण. मी ब्रेक जरा उशिरा मारला की त्यांचा उजवा पाय गालिच्यावर जोरात दाबला जायचा. मी ते पाहायचो आणि हसायचो. त्यापुढे विचार केला नाही, हे लिहून ठेवतो.

गाडी म्हणजे माझा नवा विजेवरचा पिकअप. केटरिंगच्या धंद्यासाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगतो, आणि सगळे मान हलवतात. वजन तीन टन, त्यात मोठा वाटा बॅटरीचा. हे ऐकून अण्णांनी क्षणभर हिशोब केला आणि म्हणाले, म्हणजे चाळीस उतारू कायम आत बसलेत आणि एकानेही तिकीट काढलेलं नाही.

या गाडीच्या पडद्यावर वाळू, चिखल, डोंगर अशी बटणं आहेत. दाबलं की गाडी त्या जमिनीप्रमाणे चाल बदलते. शेख झायेद रोडवर सिग्नलला थांबलो असताना अण्णांनी एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय. म्हटलं, बर्फ. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ऊन, खजुरीची झाडं आणि मॉलची जाहिरात. मग सावकाश म्हणाले, "बर्फावर गाडी कशी चालते, ते एकदा बघायला पाहिजे होतं."

दोन महिन्यांत त्यांनी व्यक्त केलेली ही एकमेव इच्छा. मी तिच्यावर झडप घातली. दुसऱ्याच दिवशी त्यांना मॉलमधल्या बर्फाच्या खेळघरात नेलं. तिथले बूट त्यांच्या रुंद पायांत शिरेनात. ते काचेबाहेर बसून चहा प्यायले, आत घसरून पडणारी माणसं पाहिली आणि म्हणाले, झालं बघून. मला मात्र ते झालं वाटलं नाही.

म्हणून पुढची योजना. फुजैराजवळ माझ्या एका मसालेवाल्या मित्राचा फार्म आहे. फुजैराच्या मच्छीबंदरावर बर्फाचा कारखाना आहे, तिथे लाद्या दळून चुरा एका जाड नळाने होड्यांवर ओततात. शुक्रवारी सकाळी मी त्या नळाखाली पिकअप उभा केला आणि एक टन मागितला. कारखान्यातल्या माणसाने विचारलं, मासळी कुठे आहे. वडिलांसाठी हवाय, असं मी खरं उत्तर दिलं. त्याने लगेच नळ उघडला.

फार्मवर एक पठाण राखणदार असतो, माझ्याच वयाचा. त्याने आणि मी फावड्याने तो चुरा खजुरीखालच्या वाळूवर पसरला. माझी कॉलेजातली मुलगी फोटो काढत होती, बायको नाकाला पदर लावून उभी होती. दिसायला खरंच बर्फ. वासाला सुरमई. अण्णांनी वाकून मूठभर हातात घेतला आणि "छान आहे" म्हणाले, लग्नात न आवडलेल्या आहेराला म्हणतात तसं. मग ते गाडीभोवती फिरले आणि एकेक टायर पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिला. ते पाहून पठाणाने खुर्ची पुढे केली. चहा होईतो दोघांना कळून चुकलं होतं की दोघेही ड्रायव्हर. त्याने क्वेट्ट्याच्या डोंगरात ट्रक चालवले होते.

मला मात्र कार्यक्रम पडलेला वाटला. अशा वेळी शहाणा माणूस चहा पितो. मी गाडीत बसलो, बर्फाचं बटण दाबलं आणि सगळ्यांना हात करून तीन टन त्या बर्फावर घातले.

दहा फूट गेलो. वजनाखाली बर्फाचा रबडा झाला, पाणी वाळूत शिरलं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. डिझेलची गाडी अडकली की निदान ओरडते. ही एक शब्द न काढता खाली जात होती. पडद्यावर बर्फाचं चित्र शांतपणे चमकत होतं. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "पाय काढ." मी आणखी दाबला. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर जस्ट डिगिंग." अण्णा पुन्हा म्हणाले, "पाय काढ रे." तोवर गाडीचं पोट वाळूला टेकलं होतं.

आम्ही ढकललं. चाळीस विनातिकीट उतारू हलले नाहीत. मग पठाणाने सूत्रं हाती घेतली. काडीने टायरमधली निम्मी हवा सोडली, कारण हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. चाकांपुढचा रबडा उपसून बर्फावर झाकून आणलेली ताडपत्री घातली आणि स्वतःच्या जुन्या डिझेल पिकअपला दोर बांधला. मी पुन्हा आत चढायला लागलो तर त्याने दार धरलं.

"साहब, आप नहीं. चाचा बैठेंगे."

अण्णांकडे इथलं लायसन्स नाही, हे खरं. पण कुंपणाच्या आत कोण विचारतो. पण त्यांना कधी गाडी न देण्याचं खरं कारण वेगळं होतं, मला ते सुचलंच नव्हतं. पाहुणा म्हणून पाठीला उशी, हातात चहा. चौतीस वर्षं माणसांनी भरलेली बस घाट उतरवणाऱ्याच्या हातात मी दोन महिने टीव्हीचा रिमोट देऊन ठेवला होता. सिग्नलपाशी ते गाडी चालण्याबद्दल बोलत होते, आणि मी बर्फ आणायला गेलो होतो.

अण्णांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे बसून स्टिअरिंग धरलं. डावा पाय क्लच शोधू लागला, मिळाला नाही, तेव्हा त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. मुलीने फक्त एकच पेडल दाखवलं. दोर ताणला गेला. त्यांनी पाय एवढासा टेकवला आणि चाकं किंचित डावी-उजवी करत राहिले, घाईत असलेल्याला वाट दाखवावी तसं. ताडपत्री मागे फेकली गेली, गाडीने एक हिसका दिला आणि वर आली.

पठाणाने दोर सोडला. अण्णा उतरले नाहीत. काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दोन पावलं बाजूला झालो, आणि ती गाडी आवाज न करता निघाली. खजुरीच्या दोन ओळींना वळसा, पाण्याच्या टाकीमागून, कोंबड्यांच्या खुराड्याला हातभर अंतर ठेवून. बायको हळूच म्हणाली, "अहो, उजव्या हाताने हॉर्न शोधतायत बघा." त्यांनी दुसराही वळसा घेतला. मग गाडी कुंपणाला अगदी समांतर आणून उभी केली आणि नसलेला हँडब्रेक ओढण्यासाठी हात खाली नेला.

खाली उतरून त्यांनी चपला घातल्या, माझ्या बर्फाकडे पाहिलं. अर्ध्याचं पाणी झालं होतं, उरलेल्यात दोन खोल खड्डे. त्यांना बोलायचं नसावं, तोंडातून निघून गेलं असावं, कारण नंतर ते स्वतःच जरा चपापले:

"पुढच्या खेपेला बर्फ अर्धाच आण रे, वळायला जागा राहत नाही."