दारातलं गंध

अण्णांना राग आला की ते मॉनिटर बंद करत. स्वतःचा नव्हे, ज्याचं काम त्यांना आवडलं नाही त्याचा. तुमच्या पाठीमागे येऊन दोन मिनिटं वाचत, मग हात पुढे करून बटण दाबत. "बघण्यासारखं काय आहे यात?" एवढंच म्हणत आणि निघून जात.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि त्यांच्या गटात चाचणीच्या कामावर लागलो. अण्णांचं घराणं चार पिढ्या तिथल्याच चामराजपेटेतलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड मुरलेली. मला ते 'पुणेकर' म्हणत. "पुणेकर, तू स्वल्प कमी बोल आणि जास्त मोज," हा पहिल्याच दिवशी मिळालेला सल्ला. मोजणं मला आवडायचं. आमचं जुळलं.

आमचं काम होतं मशीनवर पहारा ठेवणाऱ्या साधनाचं. मशीनवर एका वेळी शेकडो प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, असतात. त्यातली प्रत्येक काय काय करते याची नोंद आमचं साधन घ्यायचं. गिऱ्हाइकाला मात्र पाच-सातांचीच नोंद हवी असे, म्हणून मध्ये फिल्टर. हा फिल्टर आमच्या मॅनेजरने स्वतः लिहिलेला. प्रत्येक नोंदीच्या वेळी तो सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचायचा: ही आपली का, ही आपली का? मी मोजलं. तीन मिनिटांचं काम पहारा लावला की अकरा मिनिटं घेत होतं.

अण्णा भडकले. "आमच्याकडे लग्नाला हजार माणूस येतं. वाढप्यानं दर पदार्थाला 'तुम्ही कुणाकडचे?' करून विचारलं तर सांबार गार होईल की! दारात एकदा विचारायचं, कपाळाला गंध लावायचं. आत नुसतं कपाळ बघायचं." त्यांनी तसंच लिहिलं. प्रोसेस जन्मतानाच एकदा तपासायची आणि तिच्या स्वतःच्या नोंदीत खूण करायची. पुढे यादी नाही, फक्त खूण. एका प्रोसेसमधून दुसरी जन्मली, तर आईला गंध असेल तर लेकरालाही. अकराची साडेतीन मिनिटं झाली.

मग मला चूक सापडली. फिल्टर लावण्याआधीपासून चालू असलेल्या प्रोसेस त्यात दिसतच नव्हत्या. "अण्णा, जे आधीच आत बसलेत त्यांना गंध कुणी लावलं?"

ते कपाळावर हात मारून हसले. "अय्यो! नवरा-नवरीच राहिले की रे!"

नियमाप्रमाणे मी त्या चुकीबद्दलचा अहवाल मॅनेजरकडे दिला. त्याच दुपारी अण्णांनी दुरुस्ती केली: फिल्टर लावताना आत असलेल्या सगळ्यांवरून एकदा फिरून यायचं. मी पुन्हा चाचणी घेतली. सगळे दिसले, वेळ तेवढाच. दुसरा अहवाल लिहून मी फाइलमध्ये ठेवला. सकाळी द्यायचा होता.

सकाळी मॅनेजरने बैठक बोलावली. त्याच्या हातात माझा पहिला अहवाल होता. "गिऱ्हाइकाच्या मशीनवर हे गेलं असतं तर?" तो ओरडला. अण्णा म्हणाले, "काल दुपारीच नीट केलंय." "स्वतःच्या कामाची ग्वाही स्वतःच देता?" असं म्हणून तो माझ्याकडे वळला. "हे आकडे तुमचेच ना?"

अण्णाही माझ्याकडे बघत होते. दुसरा अहवाल माझ्या मांडीवर होता. मला नोकरीत कायम करण्याचं पत्र या मॅनेजरच्या सहीसाठी थांबलं होतं.

"हो," मी म्हणालो. "माझेच."

अण्णांना त्या कामावरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. असलं काम करायला ते थोडेच थांबणार? महिना संपताना ते माझ्या टेबलामागे येऊन उभे राहिले. दोन मिनिटं वाचलं. मग हात पुढे करून माझा मॉनिटर बंद केला.

"तू खोटं बोलला नाहीस, पुणेकर," ते म्हणाले. "स्वल्प कमी बोललास. मीच शिकवलेलं की. सरी, ठीक आहे, येतो." त्यानंतर भेट नाही.

पुढच्या आवृत्तीत तोच फिल्टर गिऱ्हाइकांकडे गेला, ओळन् ओळ अण्णांची, नाव मॅनेजरचं. सोबत जोडलेला पुरावा म्हणजे माझा दुसरा अहवाल. त्याने तो माझ्याकडून गोड हसून मागून घेतला आणि मी दिला. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. तो संताप सोपा आहे.

अवघड आहे तो दुसरा. बैठकीत बोलायला फार काही लागलं नसतं. 'दुसरा अहवाल आहे, चूक दुरुस्त झाली आहे.' सात शब्द. मी मोजले आहेत.