बाजारच्या दिवशीची भुतं

भुताचा पिक्चर बघताना मी एकदाही घाबरलेली नाही, आणि याचा मला भारी तोरा होता. आमच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. आम्ही पोरं विचारायचो, आता भुतं आली तर कुणाला हाक मारायची? ते म्हणायचे, "देवच न्हाईत तर भुतं कुणाच्या जिवावर येतील गं?" हे मी लहानपणीच मनात धरून ठेवलं. त्यामुळं मला भुतं भेटायची ती फक्त टीव्हीवर, आणि तिथं मी त्यांची चांगली खरडपट्टी काढायची.

नव्वद सालानंतरचे दिवस होते. उंब्रजात मिल्ट्रीवालीच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. तिथं माझं शिलाई मशीन होतं, ब्लाउज शिवायची. मिल्ट्रीवाली म्हणजे घरमालकीण, नवरा फौजेत. त्यानं कँटीनमधून कलर टीव्ही आणला होता आणि एका सुट्टीत व्हीसीआरही. ही बाई कराडला बँकेत गेली की येताना पिशवीत कॅसेट असायचीच. ती आणायची फक्त भुताचे पिक्चर. प्रेमाच्या पिक्चरला म्हणायची, "नवरा बाराम्हैने बॉर्डरवर. मी ते बघून काय करू, डोंबल?"

तिसरी बघणारी समोरच्या घरातली सून. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून ती जतकरीण. वयानं आमच्यात सगळ्यात लहान, मला अक्का म्हणायची. काखेत एक लेक, नुकती चालायला लागलेली. तिची सासू बाजारच्या दिवशी भाजी घेऊन दुपारभर बाजारात बसायची, म्हणून पिक्चर बाजारच्या दिवशीच. दार लोटून घ्यायचं, पडदा ओढायचा, लेकीला गोधडीवर झोपवायचं आणि कॅसेट लावायची.

खरी मजा पिक्चर संपल्यावर. मिल्ट्रीवाली चहा टाकायची आणि मग निकाल लावायचा. भूत पास का नापास. पहिल्या पहिल्यांदा माझा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा ठेवलेला, तिच्या सासूच्या वेळेपासूनची पद्धत. भुतांच्या भांडणात ती पद्धत कधी मोडली ते तिच्याही ध्यानात आलं नाही. एकदा मी तिच्याच कपात चहा पीत होते आणि ती मला हात नाचवून सांगत होती की चेटकिणीच्या पायात पैंजण असूच शकत नाही.

"आवं, उलट्या पावलाची बाई जिना कसा चढंल? जिन्यावर बगा, पावलं सुलटी हायती. नापास!"

"आन लुगडं? स्मशानातनं आली, काट्याकुट्यातनं आली, तरी परीटघडीचं. कंचा साबण वापरती, इचारा तिला."

"आन ही शहरातली माणसं एक येडी. माडीवर आवाज आला की चालली दिवा घेऊन बघायला. आपण काय केलं असतं?"

"कडी लावून झोपलो असतो की!" तिघी एकदम ओरडायचो.

जतकरीण सगळ्यात कडक परीक्षक होती. तिचं लक्ष असायचं बाईच्या अंगात भूत शिरतं तिथं. "बुबुळं वर न्यायची असत्यात, ही नुसती डोळं वटारती," असं म्हणून ती केस तोंडावर ओढायची, मान एका बाजूला टाकायची आणि पोटातून असा काही घोगरा आवाज काढायची की मिल्ट्रीवालीच्या नाकातून चहा यायचा. "अगं बया, बास कर, मेले मी!" हसून हसून माझ्या टाके घालायच्या सुया खाली सांडायच्या.

एकदा मात्र ती हसता हसता म्हणाली, "एक बगितलं का अक्का? त्या बाईचं सासरा ऐकत नव्हता, नवरा ऐकत नव्हता. अंगात भूत आलं आन सगळी हात जोडून उभी. काय पायजेल म्हणून इचारत्यात." आम्ही पिक्चरचं कौतुक म्हणून ऐकलं. त्या पिक्चरला तिनं पास केलं होतं.

पावसाळा सरला आणि एका सकाळी जतकरीण हापशावर पडली. मी खोलीतून बघत होते. घागर हातातून सुटली, अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले, तोंडाला फेस. लेक तिच्या काखेतून बाजूच्या चिखलात पडली म्हणून वाचली, अंगठ्याएवढ्या अंतरावर दगड होता. बायका ओरडत होत्या, कांदा हुंगवा, पायताण हुंगवा. मी धावले, तिला कुशीवर केलं, डोक्याखाली पदर दिला. माझ्या मामाला फिट यायची, मला ते ठाऊक होतं. मिरजेत डोक्याचा डॉक्टर आहे, त्याच्या गोळ्यांवर मामानं पुढं सगळी शेतीभाती केली. हे मी तिथंच तिच्या सासूला सांगितलं.

सासूनं नातीला पोटाशी धरलं होतं. म्हणाली, "फिट कशाची? भुताचं पिक्चर बगून बगून बाधा झाली माज्या सुनंला."

झालं. तिथून पुढं आमचं काही चाललं नाही.

सासूला मी आजही वाईट म्हणणार नाही. नात दगडावर पडता पडता राहिली, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला डॉक्टरपेक्षा देवरुषी जवळचा वाटतो. नदीपलीकडच्या वस्तीवरचा एक देवरुषी तिनं गाठला. त्यानं अंगारा दिला, उपास सांगितले, लिंबाच्या ओल्या डहाळीनं जतकरणीला झोडपलं. आठपंधरा दिवसांनी पुन्हा फिट आली, पुन्हा डहाळी. तिच्या दंडावरचे वळ मला दिसायचे, कारण बाही मापायच्या निमित्तानं ती माझ्याकडं येऊन बसायची. तिला आता एकाच गोष्टीची धास्ती होती. घरात बोलणं सुरू झालं होतं की हिला माहेरी धाडायची आणि लेकीला इथंच ठेवायची, बाधा झालेल्या बाईजवळ लेकरू नको.

"अक्का, मिरजेला नेलं आन बरी झाली, तर पोरगी ठेवतील न्हवं माज्याजवळ?"

"ठेवतील की. का न्हाई ठेवणार?" मी म्हणाले. तिच्या नवऱ्याला मी आणि मिल्ट्रीवाली दोघींनी गाठलं. तो दूध डेरीचा टेम्पो चालवायचा, स्वभावानं गरीब. टायर बघत उभा राहिला. "आय म्हनंल तसं," एवढंच बोलला. मग आम्ही धीर करून थेट सासूकडं गेलो.

मी म्हणाले, "आवं मावशी, आमी एवढी भुतं बगितली. भूत असं नसतंय. हे दुखणं हाय, त्याला गोळ्या हायत."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्यात देवबी मानत न्हाईत, तुला गं काय कळणार? आन हिच्याच घरात तर भुतं कोंडून ठेवल्यात," म्हणत तिनं मिल्ट्रीवालीकडं बोट केलं. "तुमीच लावलंसा माज्या घराला हे."

घ्या! सगळ्या आळीत, भूत खोटं आहे हे नीट सांगू शकणाऱ्या आम्ही दोघीच, आणि भुताचे पिक्चर बघतो म्हणून आमचंच कुणी ऐकेना. मला इतका संताप आला की घरी येऊन मी एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी लावली. मिल्ट्रीवालीनं व्हीसीआरवर फडकं टाकलं आणि कॅसेट आणायच्या बंद केल्या. त्यानं काही फरक पडला नाही.

पुढच्या अमावस्येला भर दुपारी देवरुषी घरीच आला. अंगण माणसांनी भरलं. जतकरणीला पाटावर बसवलेलं, समोर धूप. लेक आजीच्या कडेवर. मी आणि मिल्ट्रीवाली कुंपणाशी उभ्या होतो. देवरुष्यानं डहाळी उचलली, आणि ती अंगावर पडायच्या आतच जतकरणीनं मान एका बाजूला टाकली.

केस तोंडावर आले. बुबुळं वर गेली, नुसतं पांढरं उरलं. आणि पोटातून तो आवाज आला. अंगणातली माणसं मागं सरकली, एक बाई किंचाळली, देवरुषी स्वतः दोन पावलं मागं गेला. मिल्ट्रीवालीनं माझा हात घट्ट दाबला. तिलाही कळलं होतं. केस एका पिक्चरमधल्या विहिरीतल्या भुताचे होते, मान दुसऱ्या पिक्चरमधल्या हवेलीच्या सुनेची, आणि आवाज तर तिचा स्वतःचाच, आमच्या चहावर तयार झालेला.

"कोन हायेस तू?" देवरुष्यानं विचारलं.

"वढ्यातली हाय मी!" जतकरीण गरजली. "हिला मिरजेला न्या. डोक्याच्या डाक्टरला दावा. तवाच सोडीन. आन लेकराला हिच्यापासनं तोडलंसा, तर एकेकाला बगून घीन!"

मावशीनं खरोखरच हात जोडले होते. नवरा गुडघ्यावर बसला होता. तिनं पिक्चरमध्ये बघितलं होतं तसंच सगळं घडत होतं, आणि क्षणभर मला वाटलं, जमलं पोरीला, नेतात आता हिला मिरजेला.

पण देवरुषी जुना माणूस होता. तो सावरला आणि हसला. "भूत कवा डाक्टर मागतं व्हय रं? लबाड हाय हे. गावाची शीव वलांडायला बगतंय. धाडा, तिकडं गेलं की बसंल गप. आन लेकरूबी मागतंय, बगा. लेकरावरच डोळा हाय त्याचा."

मावशीनं नातीला इतकं घट्ट आवळलं की पोर रडायला लागली.

आता मी काय करायला हवं होतं? ओरडून सांगितलं असतं की हे सोंग आहे, आम्ही ओळखतो, तर सोंग करून सासरच्यांना फसवते म्हणून त्याच दिवशी तिला हाकलली असती, हाडं मोडून. गप्प राहिले तर भूत खरं ठरत होतं. मिल्ट्रीवाली माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. तोंड उघडायची सोयच नव्हती. जतकरीण केसांच्या आडून आमच्याकडं बघत होती, आणि तिला अजून वाटत होतं की चाललंय ते बरोबर चाललंय. ती आणखी जोरात घुमायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला निरोप गेला. तो आला, बहिणीचं गाठोडं उचललं, कुणाशी न बोलता. भांडायला त्याच्यात बळ नव्हतं, एवढ्या लोकांनी भूत डोळ्यांनी बघितलं होतं. लेकीला मागच्या दारानं मळ्यात नेलं होतं, निघताना तोंडसुद्धा दाखवलं नाही.

मी स्टँडवर गेले. जतकरीण बाकड्यावर बसली होती, केस घट्ट बांधलेले, ओठ सुजलेला. भाऊ गाडीची चौकशी करायला गेला तेव्हा तिनं मला जवळ ओढलं.

"अक्का, खरं सांगा. कसं झालं माजं? पास का नापास?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं तरी काय बोलायचं? "पास," मी म्हणाले. "तुज्यासारखं कुणालाच जमलं न्हाई आजवर."

"मग मिरजेला का न्हाई नेलं?"

गाडी आली. मी तिचं गाठोडं उचललं. भाऊ आला, तिला वर चढवली, गाडी हायवेला लागली.

भाऊ गरीब असला तरी शहाणा निघाला. त्यानं वाटेतच तिला मिरजेत उतरवून डॉक्टरला दाखवलं. गोळ्या लागू पडल्या, फिट बंद झाली. ही बातमी गावात आली तेव्हा मला वाटलं, आता तरी आणतील परत. मावशी म्हणाली, देवरुषी बोलला तेच खरं झालं, शीव ओलांडली आणि भूत शांत बसलं, आता परत आणून कशाला उठवायचं? तिचा भाऊ एकदा लेक मागायला आला होता, त्याला अंगणातूनच लावून दिलं. नवऱ्याचं पुढं दुसरं लग्न झालं. मी कितीदा बोलले, कुणाकुणाशी बोलले, त्याला हिशेब नाही. उपयोग शून्य.

लेक आमच्या समोरच वाढत होती. थोडी मोठी झाल्यावर एका बाजारच्या दिवशी, आजी बाजारात गेली आणि ती रस्ता ओलांडून माझ्या खोलीत आली. फ्रॉकचं बटण तुटलं होतं. मी सुई ओवत होते. मिल्ट्रीवाली आत भाकरी थापत होती. पोरगी पडद्याआड डोकावली, फडकं टाकलेल्या व्हीसीआरकडं बघत राहिली, आणि मग मिल्ट्रीवालीला म्हणाली, "काकी, भुताचा पिक्चर लावा की."

"कशाला गं बाई तुला? भ्याशील की."

"न्हाई भ्यायची," ती म्हणाली. "माजी आई भूत हाय, आजी म्हनती. मला बगायची हाय."

मिल्ट्रीवाली पिठाच्या हातानंच तिथं खाली बसली. मी पोरीच्या पाठीशी बसून फ्रॉकला बटण लावत राहिले, आणि ती टीव्हीसमोर गोधडीवर मांडी घालून वाट बघत बसली.