टाकीवरची जाळी

गेल्या महिन्यात आमच्या एका गोल्डफिशने टाकीबाहेर उडी मारली आणि तो सोफ्याखाली मरून पडलेला सापडला. टाकी झाकणं भाग होतं. फळी ठेवून पाहिली, तर आत अंधार झाला आणि पाण्यातली रोपं पिवळी पडली. शेवटी मीराला, माझ्या बायकोला, सुचलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला नायलॉनची जाळी लावली होती, तिचा उरलेला तुकडा माळ्यावर होता. तो दुहेरी करून तिने टाकीवर ताणून बांधला.

"बघ, उजेड जसाच्या तसा येतोय," ती म्हणाली.

गॅलरीतही तो जसाच्या तसा येतो. वाराही येतो. येत नाही ती फक्त वाटी. शेजारच्या विंगमधल्या कुसुमताईंची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे. कठड्यावरून हात पुढे केला की त्यांची अळूची भाजी इकडे यायची, आमची खीर तिकडे जायची. आता तीन जिने उतरून तीन चढायचे, आणि त्यांचे गुडघे दुखतात. माझे दुखत नाहीत. पण वाटीभर भाजीसाठी कोण बोलावतं आणि कोण जातं?

काल संध्याकाळी कुसुमताई जाळीपलीकडे उभ्या होत्या. तेवढ्यात इकडे माशाने उडी मारली आणि जाळीला आपटून तो पाण्यात पडला.

"काय पडलं हो?" त्यांनी विचारलं.

"मासा. जाळी होती म्हणून वाचला."

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या, आणि सवयीने आणलेली झाकलेली वाटी तशीच घेऊन आत गेल्या.