मशीन टिकटिकतेय, तार चावत नाही

दीर घरातून काळी केबल ओढत अंगणात आला, तेव्हा तारवाली कुंपणाखालचं गवत कापत होती. तिने मान वर केली, पण विळा हातातच ठेवला.

“ही कशाला, भाऊजी?”

“कशाला म्हणजे? तुमची कुंपणाची झटका मशीन बघा, नुसती टिकटिकतेय. कुत्र्यांना काय वेळ बघायचीय? अंधार पडायच्या आत घरची लाइन तारेला जोडतो. एक चिकटला की बाकीचे पुन्हा या बाजूला तोंड दाखवणार नाहीत.”

राग खोटा नव्हता. आदल्या संध्याकाळी मोकाट कुत्र्यांच्या टोळीने एक वासरू फाडलं होतं आणि दुसऱ्याची मांडी ओरबाडली होती. त्याला हळद दिरानेच लावली होती. गोठा असा, की चार खांब आणि वर पत्रा. जनावरं दावणीला बांधायची नाहीत, आवारात मोकळी ठेवायची, हा तारवालीचा हट्ट. भिंत नाही, फाटक तारेचं, सगळी भिस्त तारेवर. आणि नेमकी तीच तार मेली होती.

तिला तारवाली हे नाव पडलं ते चेष्टेने. लग्न होऊन आली तेव्हा आवाराला काटेरी तार होती, आणि दर आठवड्याला कुठल्यातरी गाईची कास फाटायची. नवरा दुधाच्या टँकरवर, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. मग हीच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “ताई, ही मोठी झटका मशीन न्या, हत्ती थांबेल.” ही म्हणाली, “हत्ती तुमच्याकडे येत असतील. मला वासरं आत ठेवायचीत आणि कुत्री बाहेर. आणि पहिला झटका तुम्ही खाऊन दाखवा.” त्याने खाल्ला, बिचाऱ्याने. झटका लागला आणि क्षणात सुटला, हे तिने नीट बघितलं आणि मगच मशीन घेतली. खालची तार तिने कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर बांधली. कुत्रं आधी नाक घालतं. नाकाला बसला तर मागे फिरतं, अर्धं आत शिरल्यावर पाठीला बसला तर पुढेच पळतं. हे तिला कोणी शिकवलं नाही. दुपारभर उकिडवं बसून तिने कुत्री बघितली होती.

आता दिराने केबलचं सोललेलं टोक तारेला पिळलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि तो ओट्याकडे निघाला. दुसरं टोक ओट्यावरच्या प्लगात होतं. बटण तेवढं दाबायचं बाकी.

“भाऊजी, ही मशीन झटका देऊन सोडते. घरची लाइन सोडत नाही, धरून ठेवते.”

“माहितेय.”

“सासूबाई रोज काठी टेकत या तारेच्या कडेने जातात.”

“आईला सांगू.”

घरची लाइन कुंपणाला जोडणारे सगळे शहाणे हेच बोलतात. सांगू. पाटी लावू. हात लावायचा कशाला? जसं काही माणूस मरायला आधी परवानगी मागतो.

सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. “मला कशाला सांगतोस?” त्या म्हणाल्या. “काल तूच अंगणातली बादली लाथाडलीस. दोन डोळे असून.”

“आई, तू मध्ये बोलू नकोस. वासरू गेलं ते दिसलं नाही का तुला?”

“दिसलं नाही. ऐकलं.”

तरी त्याचा हात बटणाकडे गेलाच. तारवालीने चपला काढल्या, विळा फेकला आणि खालची तार मुठीत धरली.

“दाबा.”

तो तसाच उभा राहिला. बोट बटणावर, चेहरा लालबुंद.

“वहिनी, सोडा. नाटकं नकोत.”

“नाटक नाही. जे सासूबाईंना होणार ते आधी मला होऊ दे. दाबा ना.”

गाई रवंथ करायच्या थांबल्या होत्या. मशीन चालूच होती, टिक, टिक. आणि तेवढ्यात तारवालीच्या ध्यानात आलं, की ती अनवाणी उभी आहे, तार मुठीत आहे, मशीन टिकटिकतेय, आणि हाताला नुसत्या मुंग्या येतायत. एरवी खांद्यापर्यंत सणका गेला असता. गवत कापलेलं, तार अखंड. म्हणजे झटका निघत होता, पण मातीतून परत मशीनपर्यंत पोचत नव्हता.

तार न सोडता ती म्हणाली, “भाऊजी, आधी प्लग काढा, मग केबल. मग ती पहार तारेला टेकवून जमिनीत रोवा. नंतर हवं तर मला शिव्या द्या.”

कशाने कोण जाणे, त्याने प्लग काढला. बहुतेक तिच्या आवाजातला राग ओसरून घाई आली होती म्हणून. पहारेतून तारेतला झटका थेट मातीत उतरायला लागला, तशी ती गोठ्यामागे गेली. तिथे मशीनची अर्थिंगची खुंटी, मातीतून झटका परत मशीनकडे नेणारी, जमिनीत ठोकलेली होती. तिने बोटाची मागची बाजू खुंटीला लावली आणि झटकन ओढली.

“ही चावली,” ती म्हणाली. “जी कधीच चावायला नको ती.”

खुंटीभोवतीची माती वाळून भेगाळली होती, आणि कोरडी माती झटका वाहून नेत नाही. वर्षानुवर्षं गोठा धुतलेलं पाणी इथेच मुरायचं, चिखल बारमाही. मागच्या महिन्यात दिराने तिथे सिमेंटची मोरी बांधली. हात सोन्याचा, उतार असा सुरेख की थेंब थांबत नाही. सगळं पाणी थेट खड्ड्यात. आल्यागेल्याला तो ती मोरी दाखवायचा.

तो मोरीकडे बघत राहिला. मग भेगांकडे. “मला कुणी सांगितलं नाही,” तो पुटपुटला.

“मलाही सुचलं नाही. मीच म्हणाले, चिखल घालवा.”

मशीन बंद करून दोघांनी बादल्या ओतल्या. माती आधी नुसती पीत राहिली, मग काळी पडली, मग तिच्यावर पाणी साचायला लागलं. ऊन पत्र्यावरून उतरलं होतं. बांधापलीकडे कुत्र्यांचं भुंकणं सुरू झालं, रोजच्याच बाजूने.

“पहार काढा. आता मशीन लावा.”

“आणि नाही चावली तर?”

“तर आज दोघं काठ्या घेऊन इथेच बसू. लाइन नाही.”

मशीन लावली. तिने तारेकडे बोट दाखवलं. “आता तुमची पाळी.”

दिराने बोटाची पाठ तारेला लावली आणि मागच्या मागे बसला, आईला ऐकू जाईल अशी शिवी हासडत.

“सोडलं ना तिने?” सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं. “मग ऊठ.”

टोळी बांधावर आली. पुढचं पिवळं कुत्रं सरळ तारेपर्यंत आलं, नाक पुढे केलं, किंचाळलं आणि उलट्या पावली पळालं. बाकीची त्याच्यामागे. जखमी वासरू उठून उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

दीर केबल गुंडाळत होता. “उद्या आणखी दोन खुंट्या ठोकू,” तो म्हणाला. “खोल. मोरीचं पाणी अर्धं इकडे वळवतो. फोडायला नको, एक वीट काढली की झालं.”

“हं.”

केबल खांद्याला अडकवून तो घराकडे वळला. तारवालीने हात पुढे केला.

“नवी आहे, वहिनी. कामाला येईल.”

“म्हणूनच.”

तिचा हात तसाच पुढे होता. शेवटी त्याने केबल तिच्या हातात दिली आणि कुत्री गेलेल्या बांधाकडे बघत उभा राहिला.