किटलीतलं विरजण

दारात आल्यावर मेस्त्री आधी हातातली दुधाची किटली पिंपरणीच्या सावलीला ठेवायचे, तिच्यावरचं ओलं फडकं नीट करायचे आणि मग आम्हाला रामराम घालायचे. किटलीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"विरजण हाय सूनबाई. ऊन लागू द्यू नका."

पहिल्या वेळी मी भोळेपणानं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावून तीन पावलं मागं सरले. आत शेणाचा आंबलेला काला होता. श्रीरामपूरकडच्या कुठल्याशा चालू गोबरगॅसच्या खड्ड्यातून काढून, दोन एस.ट्या बदलून त्यांनी तो मांडीवर धरून आमच्या मिरजगावाजवळच्या वाडीपर्यंत आणला होता. नगरला कंडक्टरनं किटली उघडायला लावली म्हणे. "मग?" मी विचारलं. "मग काय, आख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं," मेस्त्री म्हणाले.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. काम सरकारचं, पण जीव असा लावायचा की जणू घरची गाय व्यालीय. मेस्त्री पूर्वी विहिरी बांधायचे. मग ह्या गोबरगॅसच्या योजनेत आले आणि आमच्या तालुक्यात खड्डे बांधत फिरायला लागले. आमच्या घरी सहा जनावरं, म्हणून ह्यांनी अर्ज केला. ह्यांनी अर्ज केला खरा, पण धूर खात होते मी. पावसाळ्यात ओल्या काटक्या फुंकून माझे डोळे असे सुजायचे की माहेरचं माणूस आलं तर विचारायचं, रडलीस का गं?

सासूबाईंचा मात्र ठाम विरोध. "शेणाच्या जाळावरचा निवद देवाला दावायचा व्हय?"

मेस्त्री खाली बसत म्हणाले, "आक्का, आन् गवरी कशाची असती?"

सासूबाई उठून आत गेल्या. त्या हरल्या की आत जात.

खरा प्रश्न विचारला तो गंगूबाईनं. आमच्या गोठ्यातलं शेण गंगूबाई नेई, गोवऱ्या थापी, निम्म्या आम्हाला देई आणि निम्म्या मिरजगावच्या बाजारात विकी. तिच्या सासूपासूनची ही वहिवाट. खड्डा खणत असताना ती काठावर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "समदं शेण ह्यात जानार. मग मी काय थापू?"

मेस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. "ह्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाई, बाई."

योजनेची माणसं मी पुढंही पुष्कळ पाहिली. त्यांच्याजवळ सगळ्याचं उत्तर असतं. म्हणून हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

खड्डा झाला, लोखंडी टाकी पालथी बसली, किटलीतलं विरजण पडलं. पुढं महिनाभर वाट बघितली. टाकी फुगून वर आली तशी मी अधीर झाले आणि मेस्त्री यायच्या आधीच शेगडीला काडी लावली. फुस्स! दुसरी काडी, तिसरी काडी, निम्मी पेटी संपली. गावात बोभाटा झाला, सुनेला शेण पेटवायची हौस आलीय म्हणून. मी त्या दिवशी खरंच रडले आणि धुराचं निमित्तही नव्हतं.

मेस्त्री आले. टाकीवर हाताचा पंजा थापटून, कान लावून ऐकलं. "नव्या माठातलं पयलं पानी आपन पितो का? वतून देतो. तसा पयला गॅस सोडून द्यायचा. उगं घाई करू नका." त्यांनी टाकी रिकामी केली. ती पुन्हा भरल्यावर काडी लावली तर निळा जाळ असा अलगद उभा राहिला की मी भाकरी टाकायचंच विसरले.

आणि वर्षाच्या आत तो बहात्तरचा दुष्काळ पडला.

चारा संपला, जनावरं छावणीत गेली. शेण गेलं तसे मेस्त्रींनी बांधलेले खड्डे एकामागून एक मेले. आमची टाकीही दिवसादिवसाला खाली बसत चालली. मेस्त्री सायकलवरून आले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"सूनबाई, तालुक्यात एवढं एकच जित्तं हाय. हे गेलं की साहेब लिवनार, ह्या मुलखात ही योजना चालत न्हाई. मग कोन लोखंड दील, कोन सिमिट दील? आन् विरजण तरी कुठनं आनू? तिकडचं बी मेलं."

त्याच वेळी गंगूबाई दारावरून जात होती. ती आता छावणीत जनावरांखालचं काढायला जाई. तिथं शेणाचे ढीग साठले होते. मेस्त्री तिच्याकडं बघत राहिले, मग सासूबाईंकडं वळले.

"आक्का, शेगडीला दोन तोंडं असत्यात. एक पाटी शेण हिनं रोज आनावं, पानी तुमी द्यावं. जाळ निम्मा-निम्मा. गवऱ्यांचं चालत हुतं तसंच."

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. गंगूबाईनं आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, आणि सासूबाईंनी तो कधी ओलांडू दिला नव्हता. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "माझा तवा डावीकडं ठिवलाय. उजवी तिची."

त्या उन्हाळ्यात आम्ही धान्य धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यासाठी राखलं. गंगूबाई सकाळी पाटी आणायची, शेण कालवायची, हात धुऊन उजव्या शेगडीवर भाकरी भाजायची. कधी जाळ बोटभर असायचा, कधी नुसता निळा डोळा मिचकवायचा, पण विझला नाही. मेस्त्री आठवड्याला येऊन टाकीला कान लावायचे आणि "हाय, हाय" म्हणत निघून जायचे.

पुढच्या साली पाऊसपाणी झालं. जनावरं घरी आली, तरी उजवी शेगडी गंगूबाईचीच राहिली. मेस्त्रीही आले, हातात रिकामी किटली घेऊन. सहा गावांना विरजण हवं होतं. मी किटली भरायला उठले, तेवढ्यात सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अगं, दिवेलागणीला विरजण देत्यात का कुनी घराभाईर? बरकत जाती! सकाळच्याला न्या म्हनावं."

मेस्त्री बघतच राहिले. ज्या बाईनं ह्या घाणीच्या जाळावरचा निवद नको म्हटलं होतं, ती आता त्याच घाणीला दह्यादुधाचा नेम लावत होती. ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ऱ्हातो आक्का, ऱ्हातो. सकाळीच न्हेतो." वर्षाचा घोर उतरलेला माणूस त्या दिवशी मी पाहिला. मलाही इतकं हलकं वाटलं की पिठल्यात दुप्पट मीठ पडलं, आणि मेस्त्रींनी ते मागून मागून खाल्लं.

नंतर त्यांची बदली झाली. मग काही वर्षांनी ते गेल्याचं उडत उडत कानावर आलं. आमच्या दारात त्यानंतर कुणाची किटली यायची नाही असंच मी धरून चालले होते.

एका सकाळी पलीकडच्या गावचा एक अनोळखी शेतकरी आला, हातात ॲल्युमिनियमची किटली. म्हणाला, "मेस्त्री सांगून गेल्ते. आमचं कंदी मेलं तर हितनं न्यायचं."

मी उठायच्या आत गंगूबाईनं त्याच्या हातून किटली घेतली, काठोकाठ भरली आणि फडकं भिजवून वर बांधलं.

"सावलीत धरा," ती म्हणाली. "ऊन लागू द्यू नका."