दुपट्ट्याखालचा हात

अकोल्याच्या बाजारात न विकला गेलेला एकुलता एक माल आज सकाळी गेला.

भाऊसाहेब. माझे वकील.

बऱ्याच वर्षांमागं अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडे कापसाला असा भाव आला, की काल गाडी हाकणारा आज व्यापारी. मी त्यातलाच, वलगावचा.

तेवढ्यात एका बड्या शेठनं कोर्टात केस टाकली. म्हणे, वजन वाढवायला मी कापूस पाणी मारून त्याला विकला.

हरलो असतो, तर बाजारानं मला परत गाडीवर बसवलं असतं.

आता आपला भाव काही तोंडानं होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात, बोटांनी बोलणं. नको असेल तर हात काढून घ्यायचा. पटलं, तर समोरच्याच्या तळहातावर अंगठा दाबायचा.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर पाहतो, तर शेठचा दुपट्टा आणि त्याखाली आमच्या भाऊसाहेबांचा हात.

माझे कान तिखट. भिंतीपलीकडची कुजबुज ऐकतो. पण बोटांचं काय ऐकणार?

हात काही निघेना.

मनात म्हटलं, गेला आपला वकील.

आत मात्र भाऊसाहेबांनी शेठला असं सोललं, की कापूस त्याच्याच उघड्या आवारात भिजला, हे त्याच्याच तोंडून निघालं.

शेठ भडकला. "वकीलसाहेब, मंग हात काहून नाही काढला? सौदा झाला व्हता ना आपला?"

न्यायाला बसलेल्या गोऱ्या साहेबानं विचारलं, "कसला सौदा?"

शेठनं जीभ चावली.

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, शेठजींना थंडी वाजतेय."

वैशाख होता.

केस उडाली. शेठला साहेबानं त्या सौद्याचा जाब विचारायला थांबवून घेतलं.

बाहेर मी विचारलं, "भाऊसाहेब, तुमाले बोटं खरंच नाही समजत?"

"मी पुण्याकडचा माणूस. मला कापसातलं काय कळतंय?"

"मंग हात?"

"एवढा मोठा माणूस प्रेमानं धरतोय. झटकायचा कसा?"

तेव्हापासून बाजार त्यांना भोळा वकील म्हणून हसत आला. मीही हसलो.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांची वाचा बंद. पांघरुणाखाली त्यांच्या हातात हात घातला. म्हटलं, "जाऊन राहिले का, भाऊसाहेब?"

त्यांनी माझ्या तळहातावर अंगठा दाबला.

नेमका. मुरलेल्या दलालासारखा.

म्हणजे तेव्हा सगळं समजत होतं. शेठला फक्त अंगठा दिला नव्हता.

रामराम, भाऊसाहेब.

या खेपेला हात मलाच काढून घ्यावा लागला.